भरल्या गाडीचा फोकस

आमच्या माळ्यावर एक पोतं आहे. त्यात पिकअपचे काढून टाकलेले हेडलाईट, जळके बल्ब, वितळलेल्या वायरी असा सगळा ऐवज भरलेला आहे. भंगारवाला दारात आला की मी म्हणते, बाबा, हे एवढं उचल. आणि आमचे हे आतून ओरडतात, राहू दे, लागंल कधी. एवढ्या दिव्यांत एखाद्या गावची जत्रा उजळून निघाली असती. माझ्या नवऱ्याला मात्र बाजारातून घरी यायचा रस्ता दिसत नाही.

माझा नवरा म्हणजे रेवणसिद्ध, घाटनांदूरचा भांड्यांचा व्यापारी. आमचं दुकान चाकांवर. बर्दापूर, धर्मापुरी, पट्टीवडगाव, ज्या दिवशी जिथं बाजार असेल तिथं पिकअप न्यायची, ताडपत्री अंथरायची, पातेली-घमेली मांडायची. आमची एकुलती एक ईश्वरी अंबाजोगाईला बी.कॉम. झाली आणि नोकरी लागेपर्यंत म्हणून बापाबरोबर जायला लागली, ती तिथंच रमली. गिऱ्हाइकाशी तिच्याइतकं गोड बोलायला मला जन्मात जमलं नाही. माझ्या तोंडाला धार आहे असं सगळं गाव म्हणतं, आणि ते खोटं नाही.

ज्यानं कधी बाजार केला नाही त्याला एक गोष्ट कळायची नाही. भांडी सकाळी विकली जात नाहीत. बाया रोजगारावरून सुटून येतात, आधी तेल-मीठ घेतात, पोरासाठी काही खायला घेतात आणि मग जमलं तर एखादं पातेलं उचलून वाजवून बघतात. तोवर दिवस बुडालेला असतो. म्हणजे आमचा सगळा धंदा दिवेलागणीचा आणि परतीची वाट अंधारातली. अंधारात गाडी हाकता येत नसेल तर आमचा बाजार संपला, आणि बाजार संपला तर आम्ही संपलो. गोष्ट एवढी सरळ आहे.

अलीकडं अंधार पडला की हे गाडी अशी चालवायचे की मागून बैलगाडीवाला हाळी द्यायचा, "शेठ, सरका जरा!" एकदा पुलाचा कठडा घासला. एकदा वळण सोडून गाडी सरळ कुणाच्या तरी तुरीत घातली. घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी पहिलं वाक्य ठरलेलं, "लाईट भंगार हाय." नाचता येईना अंगण वाकडं, असं मी एकदा तोंडावर म्हटलं, तर ईश्वरी माझ्यावरच घसरली.

"आई, तू बसती का गाडीत? आप्पा खरं सांगतेत. लाईट लई कमी हाय."

बापाची पोर ती.

मग सुरू झाली दिव्यांची दिवाळी. आधी जास्त वॅटचे बल्ब आले. चार दिवस हे खूश. मग होल्डर वितळला, गाडीत जळका वास सुटला आणि दोघं बाप-लेक बर्दापूरच्या अलीकडं मोबाईलच्या उजेडात बसून राहिले. त्यानंतर पांढरेशुभ्र एलईडी आले. पिवळ्या बल्बसाठी केलेल्या लाईटच्या वाटीत ते कोंबल्यावर उजेड सगळीकडं उधळला. झाडांच्या शेंड्यांवर पडला, विजेच्या तारांवर पडला, समोरच्याच्या डोळ्यांत पडला, फक्त रस्त्यावर पडला नाही. एक ट्रकवाला गाडी थांबवून खाली उतरला आणि म्हणाला, "कावून बे, मारतू का काय आमाला?" ह्यांना आयुष्यात कुणी बे म्हटलं नव्हतं. त्या रात्री हे जेवले नाहीत.

मग बीडहून भिंगाचे लाईट आणले, प्रोजेक्टर. ते निघाले परदेशातल्या गाड्यांचे. तिकडं गाड्या रस्त्याच्या उजव्या अंगानं चालतात म्हणे, म्हणून त्यांचा उजेडही उजवीकडं वर चढलेला. आपल्याकडं तो नेमका समोरच्या माणसाच्या तोंडावर जायचा, आणि जिथं आपली गुरं, माणसं, खडीचे ढीग असतात ती डावी बाजू काळीठिक्कर राहायची. हे मला माझ्या धाकट्या भावानं सांगितलं. केदारनाथ त्याचं नाव. अंबाजोगाईला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यानं ते काढले आणि पोत्यात आणखी एका जोडीची भर पडली.

डोळे दाखवा म्हटलं की हे सुई मागायचे. दुपारी अंगणात बसून पहिल्या झटक्यात दोरा ओवायचे आणि माझ्या नाकासमोर धरायचे. "बघ. डोळ्याला काय धाड भरलीय?" पंचांगातली बारीक अक्षरं बिनचष्म्याची वाचायचे. खरं सांगते, त्यामुळं मीही बरेच दिवस फसले. दिवसा ज्याला सुईचं नेढं दिसतं त्याला संध्याकाळी म्हैस दिसत नाही, हे कुणाला पटेल?

आता आमच्या घराण्यातल्या एका नेमाचं सांगते. मी ह्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आमच्याकडं ही रीतच आहे. पोरगी परक्यात देण्यापेक्षा आत्याच्या घरी बरी. त्यामुळं माझं सासर-माहेर एकाच मुळाचं, आणि दोन्हीकडं एकच नेम. दिवेलागणीला लिंगपूजा करायची आणि मग उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझे वडील पाळायचे. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाळायच्या. आजोबा तर त्यासाठी पंचक्रोशीत नावाजलेले होते. दारावरून वरात गेली तरी उंबऱ्याच्या आत बसूनच अक्षता टाकायचे. लोक म्हणायचे, निष्ठा असावी तर अशी.

एका संध्याकाळी आमच्याकडं वीज गेली होती. मी चुलीपाशी उभी होते आणि हे दारात येऊन हाका मारत होते, "महानंदा, ए महानंदा, कुठं गेलीस?" मी समोर होते. खिडकीतून अजून चांगला उजेड येत होता. मी मुद्दाम बोलले नाही. ह्यांनी माझ्यावरून नजर फिरवली आणि पुन्हा हाक मारली. तेव्हा मला उमगलं. आजोबा, वडील, आत्या, कुणालाच अंधारात दिसत नव्हतं आणि पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्याला नेम म्हणत आलो. निजामाच्या काळात ते खपलं. आजोबांची पेढी उन्हात उघडायची, उन्हात मिटायची. आता धंदाच अंधारात गेला, नेम कुठून पाळायचा?

हे मी ह्यांना सांगितलं. दुसरी कुणी असती तर गोड शब्दांत सांगितलं असतं.

"माझ्या आईच्या नेमाला नावं ठेवायची न्हाईत," हे ताट सरकवून उठले.

"नेमाला न्हाई ठेवत. अंबाजोगाईला डोळ्याचा दवाखाना हाय, तिथं चला म्हणती."

"अन् त्यानं सांगितलं, गाडी बंद करा, मंग? तू आणती का पिकअप बर्दापूरहून?"

मी नाही, पण ईश्वरी आणेल, असं मी तेव्हाच ठरवलं. पोरीच्या मागं लागून शिकाऊ लायसन काढायला लावलं. केदार रोज सकाळी येऊन तिला माळावर गाडी शिकवायचा. तिनं पहिल्याच खेपेला परीक्षा पास केली. मागं घेताना ती आरशात बघून गाडी अशी लावायची की केदार म्हणाला, "अक्का, ही दाजीपेक्षा भारी चालवती." त्या दिवसापासून माझ्या मनात एकच चित्र होतं. स्टेअरिंगवर ईश्वरी, शेजारी तिचा बाप, मागं भांड्यांचा खणखणाट आणि गाडी नीट दारात येऊन उभी राहते. त्या चित्रावर मी जगत होते म्हटलं तरी चालेल.

हे चावी देईनात. शेवटी केदार मध्ये पडला. त्यानं आपल्या रस्त्याच्या मापाचे, गाडीच्या वाटीत बसणारे नवे लाईट आणले आणि म्हणाला, "दाजी, हे मी बसवतो अन् भिंतीवर फोकसबी जुळवून देतो. एक इंच इकडं-तिकडं न्हाई. मंग दिसलं तर गाडी तुमची."

"अन् न्हाई दिसलं तर?" मी विचारलं.

ह्यांनी खिशातली चावी चाचपली. "तर चावी पोरीची," म्हणाले. "दवाखान्यातबी येतो."

तेव्हापासून त्या फोकसाची जेवढी काळजी मला लागली तेवढी ह्यांनाही नसेल. तो चुकीचा निघाला तर ह्यांना पुन्हा निमित्त मिळणार होतं. तो बरोबर निघायला हवा होता, कुणालाही नाव ठेवायला जागा उरणार नाही इतका बरोबर.

बाजार नसलेल्या दिवशी दुपार कलल्यावर केदार आला. गोदामाची मागची भिंत नुकतीच चुन्यानं रंगवली होती, तिच्यासमोर त्यानं पिकअप उभी केली. चाकांतली हवा बघितली आणि म्हणाला, "अक्का, आधी माल भरा."

"फोकसाला भांडी कशाला लागतेत रे?"

"रिकाम्या गाडीवर फोकस लावला अन् मागं वजन टाकलं की गाडी मागून बसती, नाक वर होतंय. मंग उजेड रस्त्यावर कुठला पडतोय? दाजी आजवर रिकाम्या गाडीवरच लावीत आलेत."

ह्यांचा चेहरा असा काही उजळला! "बघ," मला म्हणाले, "बघ, मी म्हणत न्हवतो? लाईटचीच भानगड होती."

मी घाबरले. अंगणही थोडं वाकडं होतंच की काय? क्षणभर वाटलं, देवा, तसंच असू दे. मी हरू दे, माझी जीभ झडू दे, पण दोष दिव्यांचाच निघू दे. मग ईश्वरीनं आणि मी मिळून सगळा माल गाडीत चढवला. शेवटची घमेली बसेनात, ती आम्ही भिंत आणि गाडीच्या मध्ये जरा बाजूला रचून ठेवली. हे स्टेअरिंगवर जाऊन बसले, कारण केदार म्हणाला, चालवणाराचं वजनही लागतं.

त्यानं फूटपट्टीनं हेडलाईटची उंची मोजली आणि भिंतीवर रंगीत खडूनं आडवी रेघ मारली. तिच्या जरा खाली दुसरी. दोन्ही लाईटच्या समोर दोन उभ्या रेघा. तोवर दिवस मावळला. केदार म्हणाला, "लावा दाजी," आणि भिंतीवर उजेड पडला.

तो सुंदर होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वर काळोख, खाली उजेड आणि मध्ये सुरीनं कापल्यासारखी कड. उजवीकडं ती सपाट होती, समोरच्याच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून. डावीकडं हळूहळू वर चढत गेली होती, कडेनं चालणारं माणूस दिसावं म्हणून. कुणी तरी कुठं तरी बसून रस्त्यावरच्या माणसांचा एवढा विचार केला होता. केदार लाईटच्या मागचा स्क्रू फिरवत होता आणि ईश्वरी भिंतीपाशी उभी राहून सांगत होती.

"आजून खाली, मामा. आजून. हां, आता रेघेवर आली. बास, बास!"

तिच्या तोंडावर उजेड होता. चुन्याच्या भिंतीपुढं ती हसत होती आणि मला फार बरं वाटलं.

मग केदारनं ह्यांना गाडी वळवून माळाकडच्या वाटेवर तोंड करून उभी करायला सांगितलं. मी शेजारी चढून बसले. समोर वाट लख्ख दिसत होती. चाकोरी दिसत होती, मधलं गवत दिसत होतं. डाव्या कडेनं आमच्या शेजारच्या वच्छलाबाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन येत होत्या. त्यांच्या लुगड्याचा हिरवा काठसुद्धा मला दिसला.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय की. वाट दिसती. लई भारी दिसती!" ह्यांचा आवाज पोरासारखा झाला होता.

"वाटंवर कोण हाय?"

"कोण हाय? कुणी न्हाई."

वच्छलाबाई पेंढी सावरत जवळ येत गेल्या, अगदी उजेडात, आणि डाव्या खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, "काय गं महानंदा, दोघंच कुठं निघालाव?"

हे दचकले. हात सुटून हॉर्नवर आपटला. वच्छलाबाई हसत हसत पुढं गेल्या. हे समोर बघत राहिले, मग डावीकडं मान वळवून बघितलं, मग पुन्हा समोर. त्या कुठून आल्या ते शोधत होते. ह्यांना नाकासमोरची वाट तेवढी दिसत होती, कडेचं काहीच नाही.

"गाडीपुढूनच आल्या का गं?" हळू विचारलं.

"हां."

"उजेडातून?"

"उजेडातून."

ह्यांनी लाईट बंद केले, गाडी बंद केली आणि चावी काढून माझ्या हातात ठेवली. केदार खिडकीशी आला तर त्याला म्हणाले, "फोकस बरोबर हाय, केदार. काय चूक न्हाई त्यात." आणि मला म्हणाले, "पोरीला बोलाव."

मला वाईट वाटायला हवं होतं. माझ्या शेजारी एक माणूस सगळं हरून बसला होता आणि तो माझा नवरा होता. पण मला आनंद झाला. आता दवाखाना होईल, आता बाजार चालेल, आता गाडी वेळेवर दारात येईल. मी खाली उतरले आणि हाक मारली, "ईश्वरी, ये गं. चावी घे. आप्पांनी दिली."

ती भिंतीवरच्या खडूच्या रेघा ओल्या फडक्यानं पुसत होती. "खरंच?" म्हणून ओरडली आणि निघाली. मावळतीकडं अजून तांबूस उजेड होता. केदारच्या सदऱ्याची बटणं मला दिसत होती. घमेल्यांची चळत तिच्या वाटेत होती, ॲल्युमिनियमची, चकचकीत. ती बाजूनं जाईल असं मला वाटलं. ती सरळ त्यांच्यावर चालत गेली.

केवढा आवाज झाला! घमेली गडगडत गेली, एक तर माझ्या पायापर्यंत आलं. ईश्वरी गुडघ्यावर पडली होती.

"डोळे कुठं ठिवलेस?" मी खेकसले. कुठलीही आई खेकसते तशी.

"अंधार हाय की आई," ती गुडघा चोळत हसली. "बाजूला ठिवायची न्हाईत का घमेली?"

केदारनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं. अजून एकही चांदणी नव्हती.

"ईश्वरी," मी विचारलं, "मी कुठं उभी हाय?"

"गाडीपाशी असशील की."

"दिसती का तुला?"

"अशा येळंला कुणाला दिसतंय?" ती केदार उभा होता तिकडं तोंड करून बोलत होती. "म्हून तर आप्पा लाईट बदलू लागलेत ना. रस्ता न्हाई दिसत आमाला. आई, बोलंना की. सगळ्यांना असंच असतंय ना?"

माझ्या तोंडाला धार आहे ना? ती कुठं गेली कोण जाणे.

गाडीचं दार वाजलं. हे खाली उतरले, हात पुढं करून आवाजाच्या रोखानं गेले, घमेल्यात अडखळले आणि तिच्याजवळ मातीतच बसले. चाचपून तिचा गुडघा हातात घेतला.

"हां बाई," हे म्हणाले, "सगळ्यांना असंच असतंय."

चावी माझ्या मुठीत रुतत होती. मी केदारजवळ गेले. मी, जिनं ह्या दिव्यांपायी नवऱ्याचं चारचौघांत हसं केलं.

"केदार," मी म्हणाले, "ह्याच्यापेक्षा मोठे लाईट मिळतेत का रे कुठं?"

केदार खाली वाकून पाने-स्क्रूड्रायव्हर गोळा करत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बघतो, अक्का," म्हणाला.